मापं घ्यायला गेलो तेव्हा

किडरमिन्स्टरमध्ये गालिचा नको म्हणायचं
म्हणजे कोळ्याच्या दारात मासळीला नाक मुरडायचं.
तरी आठवड्याला तीन घरांतून मी तेच उपसतो:
काठाच्या खिळेपट्ट्या, भुगा झालेला स्पंज,
कुणाचं हरवलेलं कर्णफूल,
आणि सगळ्यांच्या खाली, कित्येक वर्षं उजेड न पाहिलेल्या
पाइनच्या फळ्या.
लोकांना आता लाकूड हवंय. पुसायला बरं, म्हणतात.
मला काय, गुडघे दोन्हीकडे सारखेच झिजतात.

हॉजेट्सबाईंनी दार उघडलं.
बूट काढू नका, म्हणाल्या, हा आता जायचाच आहे.
मग जरा थांबून:
नाही, काढाच.

लाल गालिचा. त्यावर पानं, पानांवर पानं.
ह्यांच्याच मागावरचा, त्र्याहत्तर सालचा.
एक पान हिरव्याऐवजी पिवळं उतरलं
म्हणून गिरणीनं अर्ध्या भावात दिला.
ते पान सोफ्याखाली आहे.
डेस्मंडनं पन्नास वर्षांत सोफा हलवू दिला नाही.

आता डेस्मंड पहाटे तीनला उठतो,
सहाची पाळी आहे म्हणतो,
आणि हा त्याचाच गालिचा
त्याची पावलं गिळून टाकतो.
गेल्या महिन्यात बसस्टॉपवर सापडला,
सपाता घालून, डबा हातात. डब्यात टीव्हीचा रिमोट.

लाकूड असेल तर वाजेल, बाई म्हणाल्या, मला जाग येईल.
पण लाकडावर पडला तर?
लेक लॉर्ना फोनवरून म्हणते, आई, त्याचं खुब्याचं हाड.
दवाखान्यातल्या मुलीनं पत्रक दिलं,
त्यात दोन्ही बाजू लिहिल्यात
आणि शेवटी लिहिलंय, तुमचं तुम्ही ठरवा.

तुम्ही तर दिवसभर जमिनीवरच असता.
तुम्हीच सांगा.

मी काय सांगणार? मी टेप उघडली. टेप बंद केली.
पक्कडीनं जिन्यापाशी एक कोपरा उचलला.
तेवढ्यात आतून डेस्मंड आला,
माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसला, माझ्याहून सहज,
आणि गालिच्याकडे न बघता
उलटा करून त्याची पाठ बघितली.
अंगठ्यानं टाके मोजले. ओठ हलत होते.
माझा आहे, म्हणाला.
मग माझ्या हातातली पक्कड पाहून, हळूच:
पाळी संपली का?
संपली, बाई म्हणाल्या. चहा घे.

तो गेला. मी तसाच बसून राहिलो.
एकतीस वर्षं मी फळ्यांची तोंडं बंद करत आलोय,
कुरकुरली की स्क्रू, बोलली की पाचर,
लोक त्याचेच पैसे देतात.
त्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर उलटा फिरवला.
पलंगाकडून दाराकडे येणाऱ्या वाटेवर
तीन फळ्या सैल केल्या, एकीच्या कडेखाली
पत्त्याएवढी चकती सरकवली,
आणि वर गालिचा पुन्हा ताणून बसवला,
पान पानाला जुळवून.

चाला, म्हटलं.
बाई मोज्यांवर चालल्या.
मऊ, मऊ, मऊ,
कुर्रर्र.

परत चालल्या. परत कुर्रर्र.
एवढ्या मोठ्या बाई, दोन्ही हात तोंडावर धरून
लहान मुलीसारख्या तिथेच उभ्या.

स्वयंपाकघरातून डेस्मंड ओरडला,
माग कुरकुरतोय!
कुणीतरी तेल घाला रे त्याला!

घालते हं, बाई म्हणाल्या,
आणि जागच्या हलल्या नाहीत.

गाडीत बसून बिलाचं पुस्तक उघडलं.
काम: ह्याच्यापुढे बराच वेळ
पेन तसंच धरून बसलो.