नमुन्याच्या विटा

मोजमापाचं चाक फिरवत मी मागच्या अंगणात शिरले
तेव्हा रेइनो कांगास पायरीवर बसून बटाटे सोलत होता.
सप्टेंबरची अखेर. सुपीरियर सरोवरावरचा वारा
माझे कागद उलटेपालटे करत होता.

पाचशे साठ चौरस फूट, मी म्हणाले.
जुनी फरशी पार गेलेली. चाळीस हिवाळ्यांनी
खालून खांदा देऊन देऊन तिचे सहा तुकडे केलेत,
एकावरून तर पाणी उलटं, घराकडेच वाहतं.

मग माझं पाठ केलेलं बोलले.
काँक्रीट, फुटाला नऊ डॉलर. एका दिवसात ओतून होतं.
भेग जाणारच, फक्त कुठे जायची ते आपण आधी ठरवायचं,
म्हणून करवतीनं खाच पाडून ठेवतात.
पेव्हर, फुटाला अठरा. खाली खडी, खडीवर वाळू,
जमीन फुगली की तेही फुगतात, बसली की बसतात.
एखादा बिघडलाच तर तेवढाच उपटायचा, दातासारखा.
तीस वर्षं बघायला नको.

तीस, तो म्हणाला. मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे.
आणि हसला, सालं बादलीत टाकत.

पेव्हरवर मला टक्के मिळतात हे मी सांगितलं नाही.
ते कुणीच सांगत नाही.
मी तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते,
मालकीची जमीन म्हणजे खिडकीतली एक कुंडी.
तरी दिवसाला चार अंगणं मोजते
आणि लोकांना सांगते, तुमच्या पायाखाली काय शोभेल.

गाडीतून अठरा विटा आणून मांडल्या.
तो बघत राहिला. रंग छान आहे, म्हणाला,
एल्माला आवडला असता.
आवडेल, असं लगेच दुरुस्त केलं.

मग आत जाऊन व्हीलचेअर घेऊन आला,
भाड्याची, दांड्याला अजून दुकानाची चिठ्ठी.
विटा त्यानं पुन्हा लावल्या, दोन ओळींत, रुळांसारख्या.
खुर्चीत बटाट्यांचं पोतं ठेवलं,
पोत्यावर ब्रेड कापायची फळी,
फळीवर बशी, बशीत कप, काठोकाठ काळी कॉफी.

ढकलली.
नऊ सांधे, नऊ ठोके.
बशी भरली, फळी भिजली, शेवटच्या विटेवर ओघळ आला.

मग पुन्हा कप भरून
शेजाऱ्याच्या गॅरेजपुढच्या काँक्रीटवर नेली,
न विचारताच.
खाचेपाशी कॉफी एकदा हिंदकळली. बशी कोरडी.

तिच्या पाठीत दोन सळया घातल्यात, तो म्हणाला.
चौदा तारखेला सोडतायत.

मी वहीत पुढच्या आठवड्याचं तापमान बघितलं.
कडक थंडी पडायच्या आत ओतायला हवं,
वर चाकं न्यायची तर आणखी सात दिवस.
जमेल, म्हणाले. जेमतेम.

फक्त गाडीपासून दारापर्यंत, तो म्हणाला,
चार फूट रुंद, तीस लांब.
आणि बाकीचं?
बाकीचं राहू दे. त्या भेगांत तिनं कांद्याची पात लावलीय.
भेगा तिच्या आहेत.

एकशेवीस गुणिले नऊ. जुनं फोडायचे दोनशेचाळीस.
तेराशेवीस, मी लिहिलं, आणि दहा हजारांचा कागद
दुमडून खिशात घातला.
एवढ्याशासाठी अर्धा ट्रक मागवला
तर प्लांट जादा आकार लावतो.
तो रकाना मी कोराच सोडला.
डेलला कळेल महिनाअखेरीस. ओरडेल.

निघताना त्यानं पिशवीभर बटाटे दिले, सोललेलेच.
पाण्यात ठेव, म्हणाला, काळे पडतात.

दुसऱ्या दिवशी दुसरं अंगण.
बाईंनी विटा एकेक हातात घेऊन पाहिल्या
आणि नेमकी ती एक निवडली.
हा तपकिरी कुठला? हाच हवा. फुटाला काय पडेल?