नवव्या फेरीपर्यंत

जुन्या बाजारात, बुधवारी,
नळाच्या तोट्या आणि बिनकाट्यांच्या घड्याळांमध्ये
ती कॅसेट पडली होती. पंधरा रुपये.
वर बॉलपेननं: बॉक्सिंग, मेक्सिको. बाकी पुसट.
रणपिसे मास्तरांनी बारा केले,
वाचलेल्या तिनात आम्हाला चहा पाजला, दोनात चार.

मंगळवार पेठेतली त्यांची खोली, फाटका स्पीकर,
पडद्यावर हिरवी चड्डी, नागमोडी नाक,
एक बुटका माणूस, जो मागे सरकतच नव्हता.
नाव धड ऐकू यायचं नाही. चेपो, चेलो, काहीतरी.
आम्ही चिलू म्हणायचो. चिलूअण्णा.

मास्तर मध्येच थांबवायचे. चित्र थरथरायचं,
डावा हात हवेत.
"तोंडावर सगळेच मारतात. हा कुठं मारतो?
उजव्या बरगडीखाली. तिथं काय असतं?
वझीर, तुझ्या बापाचं मटणाचं दुकान, तू सांग."
"कलेजी, मास्तर."
"हां. तिथं बसली की माणूस पडत नाही.
पंगतीला बसावा तसा बसतो."

तो ठोसा मी शिकलो.
नेहरू स्टेडियमला एक, बालेवाडीला एक,
आणि अकोल्यात रेल्वेचा तो उंच गडी,
बसला पंगतीला, पान वाढायचं तेवढं बाकी.
मग कटकला माझीच भुवई फाटली.
शिवली. फाटली.
मग पीएमटीत कंडक्टर, कात्रज ते निगडी,
डाव्या मुठीत सुट्टे पैसे.

कॅसेट नवव्या फेरीला संपायची.
संपायची नाही खरं तर. चिलू वाकलेला, डोळ्यात रक्त,
घंटा, आणि एकदम
सोनवणे–बेलदरे शुभविवाह, हडपसर.
कुणीतरी वरून लग्न टेप केलेलं.
उरलेल्या तीन फेऱ्यांच्या जागी
करवल्या, श्रीखंडाची पातेली, रुसलेला एक मामा.
आम्ही तेही बघायचो शेवटपर्यंत.
न जाणो, मामाच्या मागून चिलू परत यायचा.

मास्तर गेले, कॅसेट माझ्याकडे आली.
परवा मुलीनं ती फोनात भरून घेतली
आणि रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात
तिच्या स्पॅनिशच्या किंजवडेकर बाई
उभ्या उभ्याच ऐकू लागल्या. चष्मा कपाळावर.
हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

म्हणाल्या, हा माणूस मॅचबद्दल फार बोलतच नाहीये.
सांगतोय, हा पोरगा बर्फाच्या कारखान्यात होता.
लाद्या वाहून डाव्या हाताची दोन बोटं बधिर,
म्हणून तो हात दुखत नाही, म्हणून तोच चालतो.
दोनदा चॅम्पियन.
बहिणीच्या डोळ्यांसाठी पट्टा गहाण.
सोडवला. परत गहाण.
आज सदतीस, कागदावर चौतीस.
आणि आठव्या फेरीपासून, बाई म्हणाल्या,
एकच वाक्य चाललंय:
टॉवेल टाका. अरे, कुणीतरी टॉवेल टाका रे.

इतकी वर्षं आम्ही त्या ओरडण्याला
शाबासकी समजत होतो.
त्याच्या तालावर दोरीवरच्या उड्या मारल्या.
मास्तर तर तेवढाच तुकडा फिरून फिरून लावायचे:
"ऐका, पब्लिक कसं पेटलंय."

नाव विचारलं. बाईंनी दोनदा मागं नेऊन ऐकलं.
चेलो, म्हणाल्या, पण ते लाडाचं नाव,
आडनाव खरखरीत गेलंय.
मुलगी म्हणाली, शोधू का, बाबा? निकाल सापडेल.
मी हो म्हणालो नाही. नकोही नाही.
सहा चाळीसची निगडी माझी होती.

रविवारी हॉलवर नऊ पोरं आली.
त्यातली अश्लेषा मागे सरकत नाही, कितीही सांगा.
तिला बोट लावून दाखवली ती जागा, बरगडीखालची.
हात चांगला आहे तिचा.
टॉवेल मात्र हल्ली मी खांद्यावर टाकत नाही.
हातात धरतो.