आधी गारवा

ओउलूच्या थिएटरात माझं काम खुर्च्यांचं.
पडद्याकडे पाठ करून मी सिनेमा ओळखते:
कुठल्या रांगेला हादरा बसला, कुठला पंखा अडखळला,
पाइनच्या वासाची नळी कुठे संपत आली.

बुधवारी अर्ध्या तिकिटात वेइक्को येतो.
चौऱ्याऐंशीचा. डोळे जाऊन बारा वर्षं झाली.
सात नंबरची खुर्ची. बूट काढून शेजारी ठेवतो,
कुणाच्या घरी आल्यासारखे.

सिनेमा नदीचा आहे.
ओंडके वाहत येतात, खुर्ची डावीकडे कलते,
तोंडावर तुषार, पोरं किंचाळतात,
पॉपकॉर्न सांडतं.
वेइक्को ढिम्म.

दिवे लागल्यावर म्हणाला (लागलेत हे त्याला कसं कळतं, कोण जाणे),
"चुकलंय. तुझी खुर्ची आधी कलते, गारवा मागून येतो.
केमी नदीवर एकोणीस उन्हाळे मी ओंडके हाकले.
धार दिसायच्या आधी घोट्यांना कळायची.
ऊन डोक्यावर, आणि खालून ती थंडी.
मग कुणी बोलायचं नाही.
मग वळण."

वहीत लिहून घेतलं:
आधी गारवा. मग गप्प. मग वळण.

हेलसिंकीहून कंपनीची माणसं येतात, सांगतात,
उद्या खुर्चीच नसेल.
कानामागे टिकली चिकटवायची,
नदी थेट नसांत.
असेल बाबा. माझी नोकरी जाईल, ते सोडा.
मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे:
त्या नदीला घोटे कुणाचे लावणार?

शंभर वर्षांनी एखादी पोर,
जिने नदी कधी पाहिलीच नाही,
त्या थंडीने शहारेल
आणि तिला पत्ताही नसेल
की शहारा उसना आहे,
बूट काढून बसलेल्या एका म्हाताऱ्याचा.

रात्री सात नंबरचं झाकण उघडलं.
पंखा दोन सेकंद अलीकडे घेतला,
हादऱ्याआधी उशीतला स्पीकर क्षणभर मुका केला.
नियमात बसत नाही हे.
कुणाला सांगितलंही नाही.

पुढच्या बुधवारी बाकीची खुर्च्यांची रांग
अजून हसत होती, खात होती.
पहिल्यांदाच मी पाठ फिरवून उभी नव्हते.
पडद्यावर नदी अजून सपाट, उन्हातली.

वेइक्कोने पाय वर उचलून घेतले.