होल्डवर

धरमपेठेत, रसवंतीच्या वरच्या मजल्यावर
एसी बंद पडलेलं ट्रॅव्हल्सचं ऑफिस.
भिंतीवर पांढरंशुभ्र जहाज, त्याच्या पोटाशी
कुणीतरी बॉलपेननं लिहिलेला प्लंबरचा नंबर.

कुमुदिनीनं पर्स मांडीवर घेतली, विचारलं,
"बाई, जहाजावर नाचाले काय वाजवते?"

रोशनी गेडाम, वय फार तर चोवीस,
हसली नाही. तेवढ्यानंच माझं अर्धं काम झालं.
"डीजे आहे काकू. साडेदहाला सुरू, दोनपर्यंत."
"साडेदहाले तर आम्ही गोळ्या घेऊन झोपतो वो."

छत्तीस वर्षं मालगाडी ओढली मी.
माझा कोळसा बंदरापर्यंत गेला,
मी बडनेऱ्याला उतरायचो, डबा खायचो,
दुसरी गाडी घेऊन परत अजनी.
समुद्र म्हणजे पुढच्या ड्रायव्हरची गोष्ट.

नाच तर त्याहून लेट आला.
हिचा डावा गुडघा बदलला तेव्हा
फिजिओथेरपीवाला म्हणाला, ठेक्यावर चाला.
लक्ष्मीनगरच्या सभागृहात, मंगळवार-शुक्रवार,
आम्ही बारा म्हातारे एक-दोन-तीन मोजत
एकमेकांच्या चपलांवर पाय देत शिकलो.
पहिला महिनाभर मी तिचा हात धरायचो
ब्रेकच्या दांड्यासारखा.
"सैल सोडा ना," ती म्हणायची, "मी काय उतारावर आहे?"

होतीच. दोघंही होतो. ते बोललो नाही.

वहीतून वाचून दाखवलं मग रोशनीला:
ठोका घाईचा नको. फरशी गुळगुळीत नको.
कडेला खुर्ची हवी, हात असलेली,
आणि आवाज एवढाच
की हिनं "थकली मी" म्हटलेलं मला ऐकू यावं.

तिनं लिहून घेतलं सगळं,
खुर्चीच्या हातांखाली रेघ मारली,
आणि मुंबईला फोन लावला, स्पीकरवर.
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
कृपया प्रतीक्षा करा,
आणि काहीतरी वाजू लागलं,
पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा पियानो, मध्येच खरखर.

तिघंही पंख्याकडे पाहत बसलो.
एप्रिलचा पंखा, नुसती गरम हवा ढवळणारा.
मग कुमुदिनीची बोटं पर्सच्या बंदावर हलली.
एक, दोन-तीन. एक, दोन-तीन.
"अहो," ती म्हणाली, "हे तर आपलंच आहे."

काय करता? उठलो.
दोन खुर्च्या सरकवल्या, मनीप्लांटची कुंडी
रोशनीनं स्वतः उचलून टेबलावर ठेवली.
खाली रसवंतीचे घुंगरू,
ते काही ठेक्यात नव्हते, त्यांचं त्यांचं चाललं होतं.
झेरॉक्स मशीनला वळसा घातला, टेबलाचा कोपरा चुकवला,
जहाजाच्या अगदी जवळून गेलो दोनदा.
तिचा नवा गुडघा टक् करतो, घरी त्याचीच काळजी असते,
इथे तो नेमका 'एक'वर पडत होता.

कुणी हिरवा दिला नव्हता, तरी
मी वळण घेतलं.

नऊ मिनिटं. मग पियानो कापला गेला.
"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

रोशनीनं आमच्याकडे पाहिलं, मान फोनकडे वळवली.
कुमुदिनीचा श्वास लागलेला, केसांतली पिन लोंबकळत होती.
माझ्या खांद्यावरचा हात न काढता
ती फोनकडे वाकली.
"बाई, हे जे आत्ता वाजत होतं,
ते जहाजावर वाजवता काय?"

तिकडे शांतता. मग जरा हळू आवाजात,
"मॅडम, ते… ते तर फक्त फोनचं आहे."

"बरं," कुमुदिनी म्हणाली,
"मग परत होल्डवर टाका."