उघडझाप

बर्फाच्या कारखान्यात रात्री वीज जात नाही,
गेली तर जनरेटर खोकत उठतो,
म्हणून आमचं राज्य इथे आहे:
वजनकाट्याच्या टेबलाखाली, एका जुन्या खोक्यात,
ज्याच्या झाकणावर मीठ चढलंय.

मूळ खेळ केव्हाच बंद पडला.
कंपनीने टाळं लावलं,
आम्ही मागच्या खिडकीतून सामान काढलं.
सात जण खेळतो.

दारावर अजून त्यांचंच चित्र होतं:
हिमाचा डोंगर, लोखंडी महाद्वार, दोन मशाली.
मी पाळीभर बर्फ फोडतो
आणि खेळात शिरतानाही बर्फच?
एका रात्री म्हटलं, पुरे.

आधी डोंगर काढला.
मग महाद्वार. त्याची सावली तीन दिवस मागे राहिली,
कशाचीच नसलेली सावली.
तिथे हर्णैचा धक्का बसवला, ओहोटीचा,
फोनवरच्या एकोणीस फोटोंतून शिवलेला.
शिवण दिसते. डावीकडे एक होडी दीड झालीय.

परवलीचा शब्द लिहायची चौकट
मासळीच्या निळ्या क्रेटवर ठेवली.
शब्द चुकला की पूर्वी तांबड्या अक्षरांत दटावणी यायची.
आता येतं: ‘कोणाचा रे तू?’

पात्र निवडायचं पान अवघड गेलं.
चिलखतातली माणसं धक्क्यावर उभी केली
तर पाय टेकेनात.
चार बोटं वर, वाऱ्यावर, श्वास घेत.
आई डबा घेऊन आलेली, चष्मा वर करून म्हणाली,
‘अरे, भुताचेसुद्धा पाय टेकतात. उलटे का होईनात.’
उंचीचा आकडा उतरवत गेलो,
एकदा इतका की झुबेरचा धनुर्धर
गुडघ्यापर्यंत काँक्रीटमध्ये रुतला.
शून्य दशांश सदतीसवर सगळे टेकले.
पहाटेचे चार. बाहेर पहिला ट्रक मागे घेत होता,
आणि मी उगाच उठून उभा राहिलो,
वर्गात हजेरीला राहायचो तसा.

झुबेर परकार, कुवेत.
हेमांगी, पुणे, आयसीयूतली पाळी संपवून, गणवेशातच.
कृपेश कुठल्याशा तेलवाहू जहाजावर, रेंज मिळेल तेव्हा.
बाकीचे डोंबिवली, डोंबिवली, चिपळूण.

कोणी काही बोललं नाही.
आले, क्रेटवर शब्द टाकला, लढायला गेले.
चौथ्या दिवशी हेमांगीने लिहिलं, ‘होडी दीड आहे.’
बस, एवढंच.

अकराव्या दिवशी कृपेश:
‘दिवा चुकलाय.’

धक्क्याच्या टोकाचा दिवा मी नीट लावला होता,
एक सेकंद उजेड, एक सेकंद अंधार,
घड्याळासारखा.
‘तो असा नाय लागायचा रे.
आतली वायर सैल होती. दोनदा थरथरायचा, विझायचा,
आपल्याला वाटायचं, गेला.
मग लागायचा.
बाबा त्याला तोतऱ्या म्हणायचे.’

तो खांब बदलून दोन वर्षं झाली.
मी फोटो नव्या दिव्याचा काढलेला.

मग तीन रात्री बसून बिघाड लिहिला.
दुरुस्त करणं सोपं असतं,
बिघडवायचं तर
नेमकं कसं बिघडलेलं होतं ते आठवावं लागतं:
थरथर किती, मधला दम किती,
अंधार किती लांबवला म्हणजे ‘गेला’ वाटेल
पण माणूस खिडकी बंद करून निघून जाणार नाही.

काल रात्री अडीचला कृपेश आला.
माझ्या यादीत त्याच्या नावापुढे अक्षरं उमटली:
‘पात्र निवडत आहे.’
तेवढ्यात चोगल्यांची गाडी लागली.
बावीस लाद्या चढवून परत आलो, बोटं बधिर,
पाहिलं तर तसंच,
पात्र निवडत आहे.

त्याच्याकडे तर एकच पात्र आहे.