सोमवारची सही

दर सोमवारी, अकराच्या आत.
कोर्टाचा कागद तसं म्हणतो.
हेमराज पिदुरकर पावणेअकरालाच येतो,
मामेभावाच्या मोपेडवर मागे बसून,
तोंडाला दुपट्टा.
स्वतःची गाडी आहे त्याची, मोठी, पांढरी;
ती गोठ्यात उभी आहे ताडपत्रीखाली,
टपावर कोंबड्या बसतात.

मी ठाणे अंमलदार.
रजिस्टर फिरवून त्याच्यापुढे करतो.
पेन आमच्याकडे दोरीनं बांधलेला असतो,
लोक नेतात.

पहिल्या सोमवारी त्यानं सही केली
ती पोरांच्या वह्यांवर करायचा तशी,
लांब शेपटाची, खाली जर्सीचा सतरा.
रकाना पुरला नाही.
शेपूट उतरलं खालच्या ओळीत,
केबलचोरीतल्या गजूच्या अंगठ्यावर.
साहेब आतून म्हणाले,
उईके, त्याला सांग, इथं नुसती सही लागते.

गावाला माहीत आहे ते एवढं:
तिकडे बंगालात, दिव्यांच्या उजेडात,
पेनल्टीचा चेंडू बारावरून गेला, चांगला तीन हात.
दोन महिन्यांनी फोन सापडला,
फोनात आवाज सापडला,
बहिणीच्या खात्यात नऊ लाख.
चौकातल्या सलूनवाल्यानं त्याचा फोटो काढला नाही,
वर खताच्या कंपनीचं कॅलेंडर टांगलं.
पंखा लागला की महिना उचलतो
आणि खालून त्याचे बूट दिसतात.
कोणी म्हणतं, पोट्ट्याले फसवलं.
कोणी म्हणतं, नऊच लाख?
लय सस्त्यात गेला बे.

मला कोणी विचारलं नाही.
नऊ वर्षं मी त्याच्यासमोर गोलात उभा होतो,
वेकोलिच्या कॉलनीमागे, मातीच्या ढिगाऱ्याखाली.
दोन बाभळी, मधे ताणलेली तार.
संध्याकाळी नाक शिंकरलं तरी काळं यायचं.
गोलामागे जुनी खदान,
पाण्यानं भरलेली, हिरवी, थंड.
नियम एकच होता:
जो वरून मारंल तो उतरंल.

सुधाकर उतरला.
चेंडू तरंगतच होता.
सुधाकर तिसऱ्या दिवशी.

त्यानंतर हेम्याचा चेंडू
गुडघ्याच्या वर उठला नाही.
शपथ वगैरे काही नाही, पायच तसा झाला.
तालुक्याला खालून, जिल्ह्याला खालून,
गवत चाटत जाणारा, साप जावा तसा;
मी आडवा पडेपर्यंत मागच्या काट्यांत अडकलेला असायचा.
क्लबवाल्यांनी त्याला त्यासाठीच नेलं.

ती मॅच आम्ही ठाण्यातच पाहिली, नाइटला.
चेंडू वर गेला,
सगळ्यांनी कपाळावर हात मारला.
मी वळून मागे पाहिलं.
मागे मुद्देमालाची खोली, तिला कुलूप.

हे कुठल्या कलमात बसतं?
साक्षीदार म्हणून काय लिहून देऊ,
की आरोपी वरून मारत नसे?

परवा सही झाल्यावर तो उठला नाही.
पेनाची दोरी बोटाला गुंडाळत बसला.
"तुले त त्याच राती समजलं असंन."
मी म्हटलं, चहा घेतो का.
"चुकव, एवढंच म्हनलं होतं त्याईनं.
बाजूनं मारला असता तरी चाललं असतं."
मी थांबलो. तो पुढे बोलला नाही.
दोरी सोडताना बोटावर वळ राहिला होता,
तो त्यानं अंगठ्यानं चोळला.

सही आता लहान झाली आहे.
शाळेतलं पूर्ण नाव, बापासकट,
रेघेवर बसलेलं. सतरा नाही.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहितो, हजर.
बाहेर मामेभाऊ मोपेडला किक मारतो.
तिसऱ्या किकला ती लागते.