आणखी हळू

बोताफोगोतल्या तळघरात, दुपारी तीनला,
पंखासुद्धा बंद केलाय. माइक त्याचीही घरघर पकडतो.
ओडेसा प्रूइट, वय एकसष्ट, मुक्काम कॅन्सस सिटी,
बूट काढून उभी आहे गालिच्यावर.

चाळीस वर्षं ती गायली
ग्लासातल्या बर्फावरून, टेबलांवरच्या भांडणांवरून,
तीन ट्रम्पेटांच्या डोक्यावरून
थेट दारातल्या पहारेकऱ्यापर्यंत.
आवाज असा, की ऐकून एखाद्याने जुनी उधारी चुकती करावी.

आणि हा जांदिर,
उजव्या हाताची नखं वाढवलेला, गिटार पोटाशी धरून
तिसऱ्यांदा म्हणतोय : आणखी हळू.

पोर्तुगीज शब्द तिने आपल्या लिपीत उतरवून आणलेत.
एक अनुस्वार काही केल्या नाकात चढत नाही.
काचेपलीकडून झुलेइदे ओठांचा चंबू करून दाखवते,
ओडेसा हसते, पुन्हा चुकते.

ठोक्यावर येऊ नकोस, जांदिर सांगतो.
ठोका जाऊ दे पुढे.
तू मागून ये, हातात जड पिशवी असल्यासारखी,
घर काही पळून जात नाही.

पाचवा टेक. सहावा.
‘याहून हळू म्हणजे गप्प बसणं,’ ती चिडते.
‘जवळजवळ,’ तो म्हणतो.

मग बराच वेळ कुणीच काही बोलत नाही.
कॉफी येते. कुणीतरी चमचा बशीत ठेवतं,
आणि तेवढ्याशा किणकिणीने ती दचकते :

आई मांसाच्या कारखान्यातली रात्रपाळी करून
पडद्याआड झोपलेली,
सात वर्षांची ओडेसा स्टुलावर चढून बशा विसळतेय
बशीला बशी लागू न देता,
आणि गुणगुणतेय, ओठ मिटून,
इतकंच, की आपण आहोत हे आपल्याला कळावं
आणि आईला कळू नये.

हा आवाज तिने कधी विकला नव्हता.
कुणी मागितलाच नव्हता.

सातवा टेक.
डोळे उघडे, हात जणू साबणाच्या पाण्यात.
जांदिर मान वर करत नाही.
झुलेइदेसमोरची सुई हलते न हलते.

अनुस्वार चुकला तो चुकलाच.
अजून आहे तसाच, तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यात.
त्याच्या जरा आधी, कान देऊन ऐकलंत तर,
एक श्वास आहे,
पडद्याआड कुणी कूस बदलली का
हे पाहायला थांबलेला.